कडा संध्याकाळचा, घळ दुपारची: वाळूच्या दगडाचे फोटो कसे काढावेत

आपला कोल्हापूरचा दगड काळा. अंबाबाईचं देऊळ घ्या, पंचगंगेचा घाट घ्या, जुन्या वाड्यांचे चौथरे घ्या, सगळीकडं तोच काळा कातळ. ऊन पडलं की तो ते पिऊन टाकतो. आपली नजर आणि कॅमेऱ्यावरचा हात याच दगडावर तयार झालेला असतो. म्हणून इथला माणूस पहिल्यांदा कर्नाटकातल्या बदामीला जातो, समोरचा तांबडा-केशरी कडा बघून हरखतो, दीडशे फोटो काढतो आणि घरी येऊन म्हणतो, "डोळ्यांनी बघितलं त्यातलं ह्यात काहीच आलं नाही."

वाळूचा दगड ऊन पीत नाही. तो परत देतो, आणि देताना त्यात आपला रंग मिसळून देतो. बदामीची दरी असो, राजस्थानचं वाळवंट असो नाहीतर अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या घळी असोत, हे एक कळलं की निम्मं काम झालं. सूर्याचा फोटो काढायचा नाही, उन्हाचाही नाही. दगडानं परत दिलेल्या उजेडाचा काढायचा. तो कुठं, कधी आणि किती वेळ मिळतो हे या लेखात सांगते.

मी शुक्रवार पेठेत वडिलांचा फोटो स्टुडिओ चालवते. पोटापाण्याचं काम लग्नांचं आणि पासपोर्ट फोटोंचं. पण दर हिवाळ्यात चार-सहा शिकाऊ मुलामुलींना घेऊन बदामीला जायचं, हे गेली अठरा वर्षं चुकलेलं नाही. पहाटे चारला निघालो तर संकेश्वर, गोकाकमार्गे दहापर्यंत पोचतो.

वाटेत गोकाकला थांबाच. घटप्रभा तिथं सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते, आणि तिथंच पायाखालचा दगड बदललेला दिसतो. आपल्याकडचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. गोकाकचा, बदामीचा दगड त्याच्या कित्येक पट जुना. वाहत्या पाण्यानं आणून टाकलेल्या वाळूचे थर दबून, चिकटून झालेला. त्या वाळूच्या कणांवर लोहाचा पातळ लेप असतो. लेप हेमॅटाइटचा असला तर तांबडा दिसतो, गोएथाइटचा असला तर पिवळसर. एकाच कड्यात वीतभर अंतरानं तांबडा, पिवळा, पांढुरका पट्टा दिसतो तो यामुळं. थर कुठं आडवे, कुठं तिरपे असतात. तिरपे थर म्हणजे त्या जुन्या प्रवाहाची दिशा. फोटोत हे थर उठून दिसले पाहिजेत, आणि ते उठून दिसणं सर्वस्वी उजेडाच्या दिशेवर आहे.

पाठीमागचं ऊन

१९९४ साली मी आबांचा, म्हणजे वडिलांचा, यशिका कॅमेरा घेऊन पहिल्यांदा बदामीला गेले. दोन रोल संपवले. ऊन पाठीशी घेऊन उभं राहायचं, हे ग्रुप फोटोचं शिक्षण डोक्यात पक्कं होतं, म्हणून प्रत्येक फोटो तसाच काढला. प्रिंट हातात आल्या तेव्हा कडा म्हणजे भिंतीला डिस्टेंपर मारल्यासारखा सपाट दिसत होता. थर गेले, भेगा गेल्या, खोली गेली. आबांनी प्रिंट टेबलावर ओळीनं मांडल्या, टेबललॅम्प उचलला आणि खडबडीत भिंतीजवळ नेला. आधी समोरून धरला. मग भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं धरला. गिलाव्यातला प्रत्येक खडा आपापली सावली घेऊन उभा राहिला.

"दगड माणसासारखा नसतो पोरी," ते म्हणाले. "त्याला बाजूनं उजेड दे."

हे तुम्हीही घरी करून बघा, मोबाइलचा टॉर्च आणि कुठलीही खरबरीत भिंत पुरते. कड्याला घासत जाणारं ऊन शोधायचं, एवढंच या पाच मिनिटांतून शिकायचं आहे. ऊन कड्यावर सरळ आदळत असेल तर रंग मिळतो पण पोत मिळत नाही. घासत जात असेल तर दोन्ही मिळतं.

किरणोत्सवाचं गणित

आता प्रश्न असा की ऊन कुठल्या कड्याला, कुठल्या महिन्यात घासून जाईल? यासाठी कोल्हापूरकराला वेगळं शिकवायची गरज नाही, कारण किरणोत्सव आपण लहानपणापासून बघतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा करत गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. एका दिवसाच्या फरकानं किरण वर चढतो. आबा मला खांद्यावर बसवून हे दाखवायचे, आणि दरवेळी विचारायचे, "काल कुठं होतं? आज कुठं आहे?"

नोव्हेंबर आणि जानेवारी असे दोनदाच का? सूर्य २१-२२ डिसेंबरला दक्षिणेकडं सगळ्यात जास्त कलतो आणि मग परत फिरतो. जाताना तो ज्या जागी मावळतो, त्याच जागी परतताना पुन्हा मावळतो. २१ डिसेंबरच्या आधी जितके दिवस, तितकेच दिवस नंतर. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर मोजा, आणि तिथून १ फेब्रुवारीपर्यंत मोजा, एखादा दिवस इकडंतिकडं, जवळपास सारखेच भरतील. त्या दिवसांत सूर्य बरोबर पश्चिमेला न मावळता सुमारे १८ अंश दक्षिणेकडं सरकून मावळतो.

फोटोसाठी याचा उपयोग मोठा आहे. नोव्हेंबरात एखादी जागा सापडली आणि ढगांनी घात केला, तर पुढच्या नोव्हेंबरची वाट बघायची नाही. तोच कोन जानेवारीअखेर परत येतो.

बदामीत हे गणित मांडून बघू. मधे अगस्त्यतीर्थ तळं, ढोबळमानानं पूर्व-पश्चिम. दक्षिणेच्या डोंगरात चालुक्यांच्या चार गुहा. त्यातल्या तिसऱ्या गुहेतला शिलालेख इ.स. ५७८ चा आहे. उत्तरेला दुसरा डोंगर, त्यावर शिवालयं. तळ्याच्या पूर्व टोकाला पाण्यालगत भूतनाथाचं देऊळ, पश्चिमेकडं तोंड करून. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडं झुकून मावळतो, म्हणजे उत्तरेच्या डोंगराचा दक्षिणमुखी कडा उन्हानं घासला जातो आणि गुहांचा कडा सावलीत राहतो. मे-जूनमध्ये सूर्य वायव्येकडं मावळतो, तेव्हा याच्या उलट. डिसेंबरात गुहांच्या कड्यावर संध्याकाळचं ऊन शोधत बसलेले लोक मी दरवर्षी बघते, आणि दरवर्षी त्यांना उत्तरेकडं तोंड करायला सांगते.

जायच्या आधी नकाशावर कडा कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघा. सूर्याची दिशा दाखवणारी ॲप मोबाइलवर मिळतात, ती जरूर वापरा. होकायंत्र आणि डोकं वापरूनही जमतं.

संध्याकाळ, मिनिटामिनिटानं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बदामीला सूर्य सहाला पाचेक मिनिटं कमी असताना मावळतो. बदामी आपल्यापेक्षा पूर्वेला असल्यानं तिथं सगळं कोल्हापूरपेक्षा सहाएक मिनिटं आधी होतं. सवयीच्या वेळेवर विसंबू नका. मी सव्वाचारला तळ्याच्या काठावर असते. दीड तास आधी कशाला, असं मुलं विचारतात. जागा शोधायला, ट्रायपॉडचे पाय घट्ट करायला आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सावल्या कुठून कुठं सरकतायत ते बघायला.

सव्वाचारला कडा फिकट पिवळट दिसतो, अजून त्यात जीव नसतो. तेव्हा दक्षिण काठावरून सरळ उत्तरेकडं बघत रचना ठरवून ठेवायची. ऊन डाव्या हातानं येईल, उजवीकडं सावल्या पडतील. पाचच्या सुमारास रंग मधासारखा होतो. सूर्य जितका खाली, तितका त्याच्या उजेडाला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो. निळा भाग वाटेत विखुरतो, तांबडा आपल्यापर्यंत येतो. आधीच तांबड्या असलेल्या दगडावर हा तांबडा उजेड पडला की काय होतं ते साडेपाचला दिसतं. पाच-साडेपाच ते पावणेसहा हा मुख्य वेळ. आडवे थर एकेक करून सुटे होतात, भेगांत निळसर सावली भरते, आणि पाण्यात सगळा कडा उलटा उभा राहतो.

या वेळात एकाच जागी खिळून राहू नका, पण पळापळही करू नका. मी दोन जागा ठरवते. पहिली दक्षिण काठावरची. दुसरी उत्तर काठावर भूतनाथाच्या अलीकडं, जिथून देऊळ तिरकं दिसतं. देवळाच्या बरोबर समोरून काढलात तर ऊन त्याच्यावर सरळ पडतं आणि खांब चपटे दिसतात. तिरकं उभं राहिलात की प्रत्येक खांबाला एक उजळ आणि एक काळोखी बाजू मिळते.

सूर्य गेला की बहुतेक जण बॅगा आवरतात. थांबा. पुढची पंधरा-वीस मिनिटं पश्चिमेचं आभाळ स्वतःच एक मोठा दिवा होतं. सावली नसते, पण कडा आतून तापल्यासारखा गुलाबी दिसतो. माझ्या भिंतीवर लावलेल्या बदामीच्या चार फोटोंपैकी तीन या वेळातले आहेत. शटर तेव्हा दोन सेकंदांपासून पंधरा सेकंदांपर्यंत जातं, त्यामुळं कॅमेरा हलता कामा नये.

ट्रायपॉडबद्दल एक सांगून ठेवते: पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित आवारात ट्रायपॉडला परवानगी लागते. ती आधी काढा किंवा ट्रायपॉड आवाराबाहेरच वापरा. फाटकाच्या वेळाही आदल्या दिवशी विचारून घ्या. पहारेकऱ्याशी वाद घालून मिळालेला फोटो मला नको.

घळ दुपारची

कड्याला सकाळ-संध्याकाळ लागते. घळीला दुपार लागते. हे पुष्कळांना उलटं वाटतं, म्हणून नीट सांगते.

अरुंद घळीत तिरपं ऊन शिरतच नाही. सकाळी आठला, संध्याकाळी पाचला ती नुसती अंधारी असते. सूर्य वर आला की ऊन वरच्या फटीतून एका भिंतीवर पडतं. ती भिंत ते समोरच्या भिंतीवर टाकते, समोरची पुन्हा हिच्यावर, आणि असा उजेड उड्या मारत खाली उतरतो. प्रत्येक उडीला तो आणखी तांबडा होतो, कारण दगड दरवेळी त्यातला निळा-हिरवा भाग खातो. घळीच्या तळाशी दिसणारा केशरी, किरमिजी रंग हा असा चार-पाच उड्या मारून आलेला उजेड असतो.

याचा सराव करायला वाळवंटात जावं लागत नाही. आमच्या स्टुडिओच्या मागं एक बोळ आहे, दोन माणसं अंग चोरून जातील इतका. एका बाजूची भिंत पिवळ्या रंगाची, दुसरी चुन्याची पांढरी. साडेअकराला ऊन पिवळ्या भिंतीच्या वरच्या भागावर येतं. गेल्या वर्षी एका नव्या मुलीला तिथं नेलं आणि हातात एक कोरा कागद दिला. म्हटलं, हा छातीशी धर आणि बोळातनं हळूहळू चाल. ऊन पडलेल्या भिंतीकडं कागदाचं तोंड होतं तेव्हा तो लोण्यासारखा पिवळा झाला. दहा पावलांवर, जिथं ऊन नव्हतं आणि वर फक्त आभाळ दिसत होतं, तिथं तोच कागद निळसर पडला. ती परत मागं गेली, परत पुढं आली. चारदा. मग आमच्याकडच्या मुली बोलतात तसं म्हणाली, "ताई, मी इतके दिवस भिंत बघत होतो, उजेड बघतच नव्हतो."

तोच कागद खिशात ठेवून बदामीला चला. उत्तरेच्या डोंगरावर, वस्तुसंग्रहालयाच्या बाजूनं वर चढणारी पायऱ्यांची वाट दोन उंच कड्यांमधल्या फटीतून जाते. ॲरिझोनाच्या घळींची ही आपल्या दारातली बहीण आहे. साडेअकरा ते दीड, जेव्हा बाकीचे जेवायला जातात, तेव्हा तिथं जा. एका भिंतीच्या माथ्यावर ऊन असेल. कॅमेरा तिकडं रोखू नका. समोरच्या, सावलीतल्या भिंतीकडं वळा, कागद धरा, आणि कागद जिथं सगळ्यात जास्त केशरी होईल तिथं ट्रायपॉडशिवाय, भिंतीला खांदा टेकून उभे राहा. फोटो तिथं आहे.

आणि आभाळ फ्रेममध्ये घेऊ नका. घळीतला नियम म्हणून हा पाठ करा. घळीच्या तळापेक्षा वरची आभाळाची पट्टी शेकडो पटींनी उजळ असते. ती आत आली की एकतर ती पांढरी फट्ट होते किंवा भिंती काळ्या. आभाळ काढून टाकलं की उरलेला सगळा उजेड कॅमेऱ्याच्या आवाक्यात येतो.

कॅमेऱ्यात काय करायचं

फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली, ठेवा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर अजिबात नको. ऑटोला समोर एवढा केशरी रंग दिसला की त्याला वाटतं घरातल्या बल्बचा उजेड आहे, आणि तो निळा मिसळून सगळं राखाडी करून टाकतो. डेलाइट, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विनवर ठेवा आणि दिवसभर हलवू नका. मग उन्हातला भाग उबदार, सावलीतला निळसर, असा डोळ्यांना दिसणारा फरक फोटोत उतरतो.

दुसरी चूक एक्सपोजरची, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा याची, आणि ही चांगल्या चांगल्यांची होते. साधा पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघून सगळं ठीक वाटतं, पण तांबड्या दगडावर लाल रंगाची पट्टी बाकीच्या दोन रंगांच्या कितीतरी आधी उजव्या भिंतीला धडकते. लाल एकदा फाटला की कडा प्लास्टिकसारखा एकसंध केशरी होतो, त्यातले बारीक थर कायमचे गेले, मग कितीही संपादन करा. म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा, लालवर नजर ठेवा, आणि गरजेप्रमाणं एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप खाली घ्या. शंका असली तर ब्रॅकेटिंग करा, म्हणजे तोच फोटो कमी-जास्त एक्सपोजरनं काढा, तीन फोटो पुरतात.

बाकी सोपं आहे. कड्यासाठी आयएसओ १००, एफ ८ ते एफ ११. घळीत हातात धरून काढायचं असेल तर आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत बिनधास्त जा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो चालत नाही. लेन्स म्हणाल तर सगळे रुंद लेन्स घेऊन धावतात, पण कड्याचे थर मला ७०-२०० च्या झूम लेन्सनं जास्त चांगले मिळतात. लांबून एक तुकडा निवडता येतो आणि एकामागचे एक कडे जवळ येतात. पोलरायझर पावसाळ्यात खरा कामाला येतो: ओल्या दगडावरची चकाकी काढली की खालचा रंग गडद होऊन वर येतो. पावसानंतर बदामीला अक्का-तंगी धबधबे वाहायला लागतात, तेव्हाचा भिजलेला कडा ढगाळ उजेडातही बघण्यासारखा असतो.

मोबाइलवाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. कड्याच्या सगळ्यात उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक होईल, मग बोट खाली सरकवून फोटो किंचित गडद करा. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स तिथं ठरवून ठेवा. रंग भडक करणारे मोड बंद.

संपादनाबद्दल माझं मत कडक आहे. सॅच्युरेशनची पट्टी ओढून दगड टोमॅटोच्या रंगाचा करणारे फोटो मला बघवत नाहीत. त्या दगडात आधीच पिवळा, गुलाबी, जांभळट, राखाडी असे सात-आठ रंग शेजारी शेजारी नांदत असतात. पट्टी ओढली की सगळे एकच होतात. सावल्या जरा उचला, कॉन्ट्रास्ट जरा द्या, आणि हात काढा.

ॲरिझोनाची घळ

२०१८ च्या सप्टेंबरात भावाकडं ॲरिझोनाला जाणं झालं आणि पेज गावाजवळची अँटिलोप कॅन्यन बघितली. ती नावाहो लोकांच्या जमिनीवर आहे, आणि त्यांचा वाटाड्या बरोबर असल्याशिवाय आत जाता येत नाही. तिचे वरची घळ आणि खालची घळ असे दोन भाग. वरची घळ माथ्याशी अरुंद आणि तळाशी रुंद, म्हणून मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, ऐन दुपारी, तिच्यात उन्हाचा खांब जमिनीपर्यंत उतरतो. खालची घळ वर रुंद आणि तळाशी अरुंद. तिथं खांब सहसा दिसत नाहीत, पण वळणदार भिंतींवर उजेड जास्त वेळ खेळतो.

वाटाड्यानं मूठभर वाळू वर उधळली आणि तो खांब हवेत दिसायला लागला. माझ्या अंगावर काटा आला, कारण गाभाऱ्याकडं जाणारा किरण धूपाच्या धुरात असाच उठून दिसतो. उजेड हवेत दिसायचा तर त्याला धूळ किंवा धूर लागतो. खांब काही मिनिटांत विरला. एक्सपोजर खांबाच्या कडेच्या भिंतीवर धरा, खांबाचा मधला भाग पांढरा गेला तरी चालतो. गर्दी असते, माणसं फ्रेममध्ये येतात. कॅमेरा डोक्यांच्या वर, तिरपा करून धरा. पण खरं सांगते, तिथून आणलेला सगळ्यात चांगला फोटो खांबाचा नाही. पंधरा पावलं पुढं, कुणी थांबत नव्हतं अशा वळणावर, एका भिंतीचा केशरी उजेड दुसरीच्या जांभळ्या सावलीत मिसळत होता. बोळातल्या कागदानं शिकवलेलं तिथं कामाला आलं.

त्या घळींविषयी एक गोष्ट कुठल्याही फोटोपेक्षा महत्त्वाची. १२ ऑगस्ट १९९७ ला खालच्या अँटिलोप घळीत अचानक लोंढा आला आणि ११ जण वाहून गेले. पाऊस घळीवर नव्हे, कित्येक मैल दूर पडला होता. वाळवंटात कडक झालेली जमीन पाणी जिरवत नाही, सगळं पाणी घळीत धावतं. वर आभाळ निळं आहे म्हणून घळ सुरक्षित आहे असं समजू नका. स्थानिक माणूस नको म्हणाला तर मागं फिरा. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांनाही पावसाळ्यात हाच नियम.

त्या भागात काळपट, खडबडीत साय धरल्यासारखी माती दिसते. ती जिवंत असते, आणि एका पावलानं मोडलेली साय परत धरायला वर्षानुवर्षं लागतात. चांगल्या कोनासाठी तिच्यावर पाय देऊ नका. बदामीत तसंच, कोरीव कामावर टेकू नका, कड्याच्या कडेला भरवसा ठेवू नका. हा दगड कडेला भुसभुशीत होऊन सुटतो.

वाळू, माकडं आणि घरी आल्यावर

बदामीची माकडं पिशवी बघतात. प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज झाला की ती आलीच. खाणं कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका, बॅगेची चेन कायम बंद, आणि लेन्सचं झाकण खिशात. एका विद्यार्थ्याचं झाकण माकडानं नेलं ते आजही त्या डोंगरावर कुठंतरी असेल.

वाळवंटात लेन्स बदलू नये. बदलावीच लागली तर वाऱ्याकडं पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून, मोठ्या पिशवीच्या आत बदला. वाळूचा कण सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळावर डाग येतो. राजस्थानच्या टेकड्यांवर मी एका बॉडीला एक लेन्स लावून दिवस काढते. घरी आल्यावर पहिल्यांदा रबरी पंपानं हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी कापड. आधी कापड फिरवलंत तर त्या वाळूनंच काच घासली जाते. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून ओल्या फडक्यानं पुसा. कणकण आवाज येत असेल तर आत वाळू आहे.

आणि वही ठेवा. माझी अशी आहे: "६ डिसेंबर. दक्षिण काठ, उत्तरेकडं. थर उत्तम. पाणी शांत. भूतनाथाचे खांब तिरके चांगले." सुरुवातीला मी पुढं घड्याळाची वेळ लिहायचे, ५.२० असं. किरणोत्सवाच्या हिशेबानं ६ डिसेंबरचा कोन ६ जानेवारीच्या आसपास परत येतो, म्हणून एका जानेवारीत वही बघून ५.२० ला तिथं उभी राहिले, तर ऊन अजून पांढरं होतं. कोन तोच येतो, पण जानेवारीत सूर्य पंधराएक मिनिटं उशिरा मावळतो. तेव्हापासून वहीत घड्याळ लिहीत नाही. "मावळतीआधी ३५ मिनिटं" असं लिहिते, आणि निघायच्या आदल्या रात्री त्या दिवसाची मावळतीची वेळ बघून वजाबाकी करते.